ह्याच्यावर गोळ्या मिळत्यात का?

गेला शनिवार कोरेगावच्या एसटी स्टँडवर गेला, त्यामुळे लिहायचं राहिलं. आज पुण्यात आहे, चहा झालाय, ऑफिसचा फोन सायलेंटवर टाकलाय आणि आठवडाभर डोक्यात एकच विषय आहे. तो एकदाचा लिहून टाकतो.

माझ्या वडिलांची एक आत्या आहे. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणतो. वय आधारकार्डाप्रमाणे सत्त्याहत्तर. (जन्मतारीख अर्थातच १ जानेवारी. आमच्या गावातले निम्मे म्हातारे १ जानेवारीलाच जन्मलेत.) कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात दोन एकर रान आहे, ते वाट्याने दिलंय. घरात ती आणि तिचा मुलगा, म्हणजे माझे काका. काकांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि लहानपणापासून फिट्स येतात. आता ते पन्नाशीला आलेत. बोललेलं सगळं कळतं, पण स्वतः बोलतात ते फक्त अक्काला कळतं. गेली पन्नास वर्षं त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं-पुसणं हे सगळं अक्का करते आहे.

२०२४ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. त्याच आठवड्यात, २९ ऑक्टोबरला, सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मानची योजना सुरू झाली होती. उत्पन्नाची अट नाही. घराला आधीच पाच लाखांचं संरक्षण असेल तर सत्तरीच्या पुढच्यांसाठी आणखी वेगळे पाच लाख. आधीपासूनच्या आजाराला थांबायची अट नाही. वाचून मला खरंच बरं वाटलं. मी अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेमचं सॉफ्टवेअर लिहितो. शहात्तर वर्षांच्या डायबेटिक बाईला कुठल्याही प्रायव्हेट कंपनीने पॉलिसी द्यायची म्हटलं तर प्रीमियमचा आकडा काय येईल, हे मला बऱ्यापैकी माहीत आहे. तेव्हा म्हटलं, अक्काचं कार्ड आपण स्वतः काढून द्यायचं. इंजिनिअर झालो ते कशासाठी!

पाडव्याच्या दिवशी ओट्यावर बसून मोबाईल काढला. आधारला जोडलेला नंबर जुना होता आणि ते सिम कधीच बंद पडलेलं, त्यामुळे ओटीपीचा प्रश्नच मिटला. मग बोटांचे ठसे. गावातल्या सेवा केंद्रवाल्याकडे मशीन होतं. अक्काची दहाच्या दहा बोटं लावून झाली, एकही उमटेना. राखेने भांडी घासून, भांगलून आणि भाकरी थापून त्या बोटांवर रेघा उरलेल्याच नाहीत. शेवटी चेहरा दाखवून झालं. तीन वेळा "पापणी लवा" सांगावं लागलं, चौथ्या वेळेला हिरवी खूण आली. कार्ड छापून, लॅमिनेट करून मी ते अक्काच्या हातात दिलं. पाच लाख, अक्का! कुठल्याही योजनेतल्या दवाखान्यात, एक पैसा न देता.

अक्काने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर गोळ्या मिळत्यात का रं?"

म्हटलं, नाही, गोळ्या नाही. ॲडमिट झालीस तर.

"ॲडमिट व्हायला लागू नाय म्हणून तर गोळ्या खाती मी."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. खरं सांगायचं तर ह्या विषयावर मला जे काही म्हणायचंय ते अक्काने त्या एका वाक्यात म्हणून टाकलंय. पुढचं नुसतं स्पष्टीकरण आहे.

सवयीप्रमाणे त्या रात्री मी एक्सेल उघडलं. अक्काच्या बीपीच्या दोन गोळ्या आणि साखरेची एक, मिळून महिन्याला साधारण अकराशे पन्नास. काकांच्या फिट्सच्या गोळ्या चौदाशे. मोठ्या माणसांचे डायपर अठराशे, तेही अक्का काटकसरीने फक्त रात्रीच वापरते म्हणून. कोरेगावहून फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचा, एका वेळचे तीनशे, म्हणजे चोवीसशे. बेरीज पावणेसात हजार. त्यात ॲडमिट होण्याचा खर्च शून्य. अक्का त्याआधी आयुष्यात एकदाच ॲडमिट झाली होती, काकांच्या वेळी. म्हणजे तिच्या घरातल्या औषधपाण्याच्या पावणेसात हजारांपैकी माझ्या त्या चकचकीत कार्डाने वाचवलेली रक्कम होती शून्य रुपये, शून्य पैसे.

आता ह्यात कार्डाचा दोष किती? योजनेच्या कागदात सगळं स्वच्छ लिहिलंय. भरती व्हायच्या आधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस, एवढ्यातली औषधं-तपासण्या धरतात. बाह्यरुग्ण उपचार, म्हणजे आपण ज्याला ओपीडी म्हणतो, ते नाहीत. आपल्या राज्याच्या योजनेचा सांगाडाही तोच आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ ला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२० ला केंद्राच्या योजनेला जोडली, मग दीड लाखाचे पाच लाख झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डवालेही आत आले. नाव बदललं, रक्कम बदलली, माणसं वाढली. पण आत शिरायचं दार तेच राहिलं, आणि ते दार म्हणजे हॉस्पिटलची खाट.

तरुण माणसाच्या बाबतीत हे दार बरोबर आहे. माझ्यासारखा माणूस एरवी धडधाकट असतो आणि एक दिवस बाईकवरून पडतो किंवा अपेंडिक्स फुगतं. खर्च अचानक येतो, मोठा असतो आणि मग संपतो. विमा अशाच गोष्टीसाठी शोधला गेलाय. म्हातारपण असं अचानक येऊन संपणारं नसतं. अपंगत्व तर नाहीच नाही. तिथला खर्च दुधाच्या बिलासारखा असतो. दर महिन्याला थोडा थोडा, कधीच न थांबणारा. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम "इव्हेंट"साठी लिहिली आहे आणि अक्काचा प्रॉब्लेम "स्टेट"चा आहे. ॲडमिशनची तारीख हे फील्ड भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

फील्डवरून आठवलं. कॅगने २०२३ च्या अहवालात ह्याच योजनेचा डेटाबेस तपासला तेव्हा एकाच मोबाईल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी सापडले. नंबर होता ९९९९९९९९९९. पेपरवाल्यांनी लगेच घोटाळा घोटाळा म्हणून हेडिंगं दिली. मला मात्र वाचताक्षणी कळलं काय झालं असणार, कारण असले फॉर्म मी लिहिलेत. तुम्ही मोबाईल नंबर सक्तीचा करता. समोरच्या म्हातारीकडे मोबाईल नसतो. रांगेत मागे चाळीस माणसं असतात. ऑपरेटर दहा वेळा नऊ दाबतो, फॉर्म पुढे जातो. त्यात खरे घोटाळेही असतील, नाही म्हणत नाही. पण सक्तीच्या रकान्यात माणूस खरं ते भरत नाही, चालेल ते भरतो. रकाना ठेवणाऱ्याने म्हातारी पाहिलेलीच नसते. मीही माझ्या क्लायंटच्या म्हाताऱ्या कधी पाहिलेल्या नाहीत.

उलट उदाहरण आपल्या एसटीचं. २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. अक्का गाडीत चढते, कंडक्टरला आधार दाखवते, तो जन्मसाल बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. फॉर्म नाही, ओटीपी नाही, मंजुरी नाही. एसटीला आपण कायम नावं ठेवतो, पण गेल्या काही वर्षांत मी पाहिलेली सगळ्यात चांगली सरकारी सिस्टीम म्हणजे ते शून्य रुपयांचं तिकीट. हक्क आहे की नाही हे जिथे सेवा मिळते तिथेच, दोन सेकंदांत, समोरचा माणूस ठरवतो. गोळ्यांचं असं का होऊ शकत नाही? त्याकडे नंतर येतो.

आधी पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे.

एक्सेल बघून मी कामाला लागलो होतो. साताऱ्याच्या जनऔषधी दुकानातून गोळ्या आणल्या. २००८ साली सुरू झालेली ही दुकानं आता देशात पंधरा हजारांच्या वर आहेत, आणि फरक खरंच डोळे पांढरे करणारा आहे. पंचवीसशे पन्नासच्या गोळ्या नऊशेच्या आत आल्या. तीन महिन्यांचा साठा करून मी विजयी मुद्रेने पुण्याला परत आलो. एप्रिलमध्ये आमचं मोठं रिलीज होतं. मे गेला, जून गेला. फोनवर अक्का म्हणायची, हायत की गोळ्या. जुलैच्या एका सकाळी शेजारच्यांचा फोन आला की अक्काचं तोंड वाकडं झालंय आणि उजवा हात उचलत नाही.

साताऱ्याच्या एका योजनेतल्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर आधी वीस हजार डिपॉझिट भरा म्हणाले. कार्ड दाखवलं तर म्हणे योजनेचं टेबल दहा वाजता उघडतं, तोपर्यंत भरा, नंतर बघू. वडिलांनी भरले. दहा वाजता आरोग्यमित्र आला. पंचविशीतला मुलगा, अंगात निळं जॅकेट. त्याने कार्ड बघितलं, दोन फोन केले, संध्याकाळपर्यंत मंजुरी आणली आणि वडिलांचे वीस हजारही परत मिळवून दिले. सहा दिवस अक्का तिथे होती. सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग, औषधं, कशाचाच एक रुपया लागला नाही. कार्ड चाललं, हे मला अगदी ठळकपणे सांगायचंय, कारण असल्या लेखात लोक नुसतं रडतात. ते कार्ड नसतं तर वडिलांना सोनं गहाण ठेवावं लागलं असतं.

पण घरी गोळ्यांचा डबा उघडला तेव्हा त्यात अर्ध्या अर्ध्या तोडलेल्या गोळ्या निघाल्या. जनऔषधीच्या "पांढऱ्या गोळ्यांनी गुण येत नाय" असं कुणीतरी सांगितलं म्हणून अक्का परत जुन्या ब्रँडवर गेली होती, आणि तो परवडत नाही म्हणून बीपीची गोळी अर्धी करून खात होती. काकांच्या गोळ्या मात्र एकही न तोडता पूर्ण दिल्या होत्या. अर्ध्या गोळीमागे तिचे महिन्याला दीडशे रुपये वाचत होते. ह्यामुळेच झटका आला का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण येऊ शकतो. डिस्चार्जच्या कागदावर पॅकेजची रक्कम चाळीस हजारांच्या आसपास होती. दीडशेच्या हिशोबाने ती बावीस वर्षांच्या गोळ्यांची किंमत झाली. बावीस वर्षांनी अक्का नव्याण्णवची असेल.

ह्यात माझी चूक आहेच. तीन महिन्यांचा साठा तीन महिन्यांत संपतो हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण मी विसरलो तर कोलमडेल अशी व्यवस्था म्हणजे व्यवस्था नव्हे, तो माझा स्वभाव झाला.

आणखी एक गोष्ट ह्या सगळ्यात कुणाच्याच रकान्यात नव्हती. ते सहा दिवस काकांचं कोण करणार? आई सुट्टी टाकून गावी गेली. काका तिच्या हातून जेवेनात. दोन दिवस नुसत्या दुधावर काढले आणि तिसऱ्या रात्री फिट आली. आजारी पडलेल्या बाईसाठी पाच लाख अधिक पाच लाख आहेत, पण ती पडल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला सहा दिवस भरवायला कुठल्याही कार्डावर काही नाही.

काकांसाठी काहीच नाही असं नाही म्हणा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमात लिहिलंय की त्यांना घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळावी; पुढे उत्पन्नाची मर्यादा सरकार ठरवेल. वाचायला फार सुंदर कलम आहे. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार त्यांना मिळायचे, २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने दिव्यांगांसाठी त्याचे अडीच हजार केले. त्याचं मोल आहे, डायपर निघतात. (केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन साठ ते एकोणऐंशी वयासाठी अजून दोनशे रुपयेच आहे. २००७ पासून तेवढंच! मी तेव्हा शाळेत होतो.) वयोश्रीचे तीन हजार अक्काला एकदा मिळाले, त्यातून कमोडची खुर्ची आली आणि ती खरंच रोज वापरात आहे.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते "निरामय"चं. ही राष्ट्रीय न्यासाची योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि नीट वाचा, ह्यात ओपीडी आहे, औषधं आहेत, थेरपीसुद्धा आहे. म्हणजे जे "विम्यात बसतच नाही" असं आपल्याला सांगितलं जातं, ते आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या एका योजनेत कित्येक वर्षं बसलेलं आहे. पन्नास वर्षांच्या काकांना ती माहीत नव्हती, अक्काला माहीत नव्हती, आणि विम्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मलाही माहीत नव्हती. अडचण एवढीच की पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर पावत्या पाठवून मागायचे. आमच्या गावच्या मेडिकलमध्ये पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेला आकडा. माझा पहिला क्लेम परत आला, मूळ बिल नाही म्हणून.

आता तुम्ही म्हणाल की ओपीडीची औषधं द्यायला लागलो तर पैसा कुठून येणार, आणि खोट्या पावत्यांचा पूर येईल त्याचं काय. रास्त प्रश्न आहेत. पैशाचं आधी. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या आरोग्यखर्चाच्या दर शंभर रुपयांमागे चौसष्ट रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते एकोणचाळीसवर आले. ही उतरण लहान नाही. पण उरलेल्या एकोणचाळिसात अक्काच्या गोळ्या आहेत. हा खर्च कुणीतरी करतंच आहे. तो अक्काने अर्धी गोळी तोडून करायचा का, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं, अमेरिकेचं. माझं पोटच त्यांच्यावर चालतं, त्यामुळे थोडं सांगतो. तिथल्या म्हाताऱ्यांचा मेडिकेअर कायदा ३० जुलै १९६५ चा. अध्यक्ष जॉन्सनने सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रूमनला दिलं. त्यात हॉस्पिटल होतं, डॉक्टर होते. घरी खायच्या गोळ्या नव्हत्या. गोळ्यांसाठीचा कायदा व्हायला २००३ उजाडलं आणि तो लागू झाला १ जानेवारी २००६ पासून. चाळीस वर्षं! तोपर्यंत तिथल्याही अक्का गोळ्या तोडतच असणार. तरी त्यात मध्येच एक खड्डा ठेवला होता, ठरावीक खर्चानंतर मदत आटायची, तो बुजायला २०२० आलं. इन्सुलिनला महिन्याला पस्तीस डॉलरची मर्यादा २०२३ मध्ये, आणि गोळ्यांवरच्या वर्षाच्या खर्चाला दोन हजार डॉलरचं कुंपण २०२५ मध्ये. आणि भरवणारा, आंघोळ घालणारा माणूस कायमचा हवा असेल तर मेडिकेअर आजही देत नाही. त्यासाठी मेडिकेड, आणि तिथे शिरायला आधी गरीब व्हावं लागतं. ह्यांच्याकडून सगळं शिकावं असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त खाटेपासून सुरुवात केली की गोळीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते दिसावं म्हणून सांगितलं.

आणि एक गोष्ट मी स्वतः कोडमध्ये पाहिली आहे. त्यांच्याकडे औषधांचा क्लेम वेगळ्या वाटेने जातो. माणूस मेडिकलच्या काउंटरवर उभा असतानाच काही सेकंदांत मंजूर होतो, आणि त्याच्या वाटणीचे पैसे किती हे दुकानदाराला तिथेच दिसतं. हे आपल्याकडे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. जिथे भाजीवाली वीस रुपयांचं पेमेंट मोबाईलवर घेते आणि मशीन ओरडून सांगतं की आले, तिथे गोळ्यांचं पाकीट आणि कार्ड ह्यांची गाठ घालणं तांत्रिकदृष्ट्या शनिवार-रविवारचं काम नसलं तरी पंचवार्षिक योजनेचंही नाही. खोट्या पावत्यांचा प्रश्नही तिथेच अर्धा सुटतो, कारण पावतीच उरत नाही. बीपी, साखर, फिट्स, थायरॉईड, रक्त पातळ करणाऱ्या अशा मोजक्या गोळ्यांची यादी करा, सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंगत्वाचं कार्ड असलेल्यांना त्या जनऔषधीच्या कुठल्याही दुकानात महिन्याला शून्य रुपयांत द्या. एसटीच्या तिकिटासारख्या. ठसा उमटला नाही तर चेहरा, चेहराही नाही तर वही. पण रिकाम्या हाताने परत पाठवू नका.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. तामिळनाडूने सरकारी औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ १९९४ साली काढलं. राजस्थानने २०११ च्या गांधी जयंतीला सरकारी दवाखान्यात मोफत औषधं सुरू केली. आपण खरेदीचं प्राधिकरण करायला २०२३ उजाडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आपल्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, म्हणजे अक्काच्या गोळ्या कागदावर आजही फुकटच आहेत. आमच्या गावापासून उपकेंद्र दोन किलोमीटरवर आहे. मी जाऊन आलो. तिथली ताई चांगली आहे, बीपी मोजते, वहीत लिहिते. गोळ्या दहा दिवसांच्या मिळाल्या. दोन प्रकारच्या हव्या होत्या, एक होती. दुसरी "पुढच्या आठवड्यात बघा". आता पुढच्या आठवड्यात काकांना घरी एकटं ठेवून काठी टेकत दोन किलोमीटर अक्काने जायचं, गोळी आली का बघायला. तामिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून बीपी-साखरेच्या गोळ्या घेऊन बायका घरी येतात, ज्यांना लागेल त्यांना फिजिओथेरपीही घरीच देतात. केरळने २००८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांसाठी धोरण केलं आणि तिथल्या पंचायतींच्या नर्स घरोघर जातात. त्यांनी दार खाटेवरून काढून घराच्या उंबऱ्यावर नेलं. ह्याला कुठल्याही ॲपची गरज नव्हती, हे माझ्या धंद्याच्या दृष्टीने जरा वाईटच आहे.

एक कारण मला असंही दिसतं की खाटेवरचा उपचार मोजता येतो. इतके लाख लोक भरती झाले, इतके कोटी दिले, फोटो निघतो. अक्काला झटका आलाच नाही, ह्याचा फोटो कसा काढणार? आमच्याकडेही हेच आहे. रात्री दोनला पडलेला सर्व्हर उभा करणाऱ्याला अवॉर्ड मिळतं. पडू नये म्हणून सहा महिने गुपचूप काम करणाऱ्याचं अप्रेझलमध्ये नावसुद्धा निघत नाही.

अक्का आता काठी घेऊन चालते. उजव्या हाताने भाकरी थापता येत नाही, म्हणून शेजारची सून दोन वेळचं करून देते आणि आम्ही तिला महिन्याचे पैसे देतो. डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस संपल्यावर फिजिओथेरपी आमच्याच खर्चाने चालू आहे. आता एका फेरीत दोघांचं होतं, आणि त्याने पन्नास रुपये कमी केलेत. काकांना काठीची फार गंमत वाटते. ती आपटली की हसतात.

गेल्या शनिवारी मी गोळ्यांचा डबा बदलला. अठ्ठावीस खणांचा प्लास्टिकचा आणला, रोजच्या चार वेळा, सात दिवस. अक्काने प्रत्येक खण उघडून बघितला आणि एक पांढरी गोळी उचलून म्हणाली, "ही तीच ना, गुण न येणारी?" मग मी आणि फिजिओथेरपिस्टने मिळून अर्धा तास समजूत काढली. जुन्या ब्रँडची पट्टी आणि नवी पट्टी शेजारी शेजारी ठेवून औषधाचं नाव एकच कसं आहे ते दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण दोन्हीकडची अक्षरं सारखी दिसतात का हे तिने बोट फिरवून तपासलं. मग म्हणाली, बरं.

परत येताना एसटी दीड तास उशिरा आली, म्हणून तर लिहायचं राहिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय. काकांचा हयातीचा दाखला तहसीलला द्यायचाय, आणि निरामयच्या दुसऱ्या क्लेमसाठी मेडिकलवाल्याकडून शिक्का मारलेलं बिल घ्यायचंय. शिक्का करायला टाकलाय म्हणाला.